पैनगंगेची हद्द आणि परराष्ट्राची खुर्ची

हिंगोलीहून वाशिमकडे निघालं की कन्हेरगाव नाका लागतो, मग पैनगंगा. नदी ओलांडली की मराठवाडा संपतो आणि विदर्भ सुरू होतो. बोली फारशी बदलत नाही, काळी जमीन तीच, सोयाबीन आणि तूर तीच, सोयरिकीही दोन्ही काठांवर होतात. तरी महसुली विभाग वेगळा, विकासाच्या अनुशेषाची भांडणं वेगळी, आणि १७ सप्टेंबरचं झेंडावंदन फक्त अलीकडच्या काठावर. अकबराच्या काळात असा फरक नव्हता. पाथरी आणि वाशिम ही दोन्ही सरकारं, म्हणजे तेव्हाचे जिल्हे, एकाच वऱ्हाड सुभ्यात मोडत होती. नदी तेव्हाही होती, पण हद्द नव्हती. ती पुढे झाली आणि ती करणारं खातं महसूलचं नव्हतं. ते परराष्ट्र खातं होतं.

परराष्ट्रमंत्री म्हटलं की आपल्याला विमानतळावरचा गुच्छ, हस्तांदोलन आणि संयुक्त निवेदन आठवतं. हिंगोलीसारख्या जिल्ह्याला या खुर्चीचं काय, असं वाटणं साहजिक आहे. पण गेल्या सव्वादोनशे वर्षांत या जिल्ह्याच्या नशिबाचे मोठे निर्णय ज्या टेबलांवर झाले, त्यांत शेतसाऱ्याच्या टेबलाइतकंच परराष्ट्राचं टेबलही आहे. आणि त्या टेबलामागे नेमकं कोण बसलं होतं, हा प्रश्न दर वेळी दिसतो त्यापेक्षा अवघड निघतो.

आपल्याकडे या पदाची परंपरा जुनी. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधानांत परराज्यांशी व्यवहार पाहणारा प्रधान होता सुमंत, म्हणजे पूर्वीचा डबीर. त्या पदावर रामचंद्र त्रिंबक होते. परमुलखातल्या बातम्या ठेवायच्या, आलेल्या वकिलांचा मानपान पाहायचा, तह आणि लढाई यांबाबत सल्ला द्यायचा, हे त्यांचं काम. आता गंमत बघा. त्याच समारंभाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन व्यापारी सवलती मागायला आला होता. त्याची ऊठबस आणि तहाची बोलणी प्रामुख्याने ज्यांनी सांभाळली ते निराजी रावजी. अष्टप्रधानांत त्यांचं पद न्यायाधीशाचं. पद एकाकडे आणि राजाचा भरवसा दुसऱ्याकडे, हे पहिल्याच दिवसापासून सुरू आहे. पुढे पेशवाईत अष्टप्रधानांची पदं वंशपरंपरेने चालली आणि सुमंतपण मानापुरतं उरलं.

म्हणून मराठ्यांची मुत्सद्देगिरी संपली असं मात्र नाही. उलट ती वकिलांच्या पत्रांतून बहरली. निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील होते गोविंदराव काळे. हैदराबादेत कोण कोणाशी गुफ्तगू करतो, चौथाईची बाकी किती, निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क आज कोणत्या तोऱ्यात आहे, हे सगळं ते नाना फडणवीसांना कळवत. बोलणी फिसकटली आणि ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला लढाई झाली. निजाम हरला, त्याच्या दिवाणाला ओलीस म्हणून पुण्याला यावं लागलं. वकिलांनी आखलेली आणि फौजेने तडीस नेलेली अशी मोहीम मराठी इतिहासात थोडी आहे. पण नानांच्या डोक्यात असलेलं खातं नानांच्या डोक्यातच होतं. हातातून हातात जाणारं, माणूस गेला तरी चालत राहणारं स्वतंत्र कार्यालय पुण्यात उभं राहिलं नाही. त्याच सुमारास जगात काय चाललं होतं? १७८२ मध्ये लंडनला परराष्ट्रमंत्र्याचं वेगळं पद निघालं, पहिला मंत्री चार्ल्स जेम्स फॉक्स. १३ सप्टेंबर १७८३ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाने गुप्त आणि राजकीय कामांसाठी निराळा विभाग काढायचा ठराव केला. दिल्लीतलं आजचं परराष्ट्र मंत्रालय आपली वंशावळ या ठरावापर्यंत मागे नेतं. १७८९ मध्ये अमेरिकेनेही आपलं खातं उघडलं. मराठे आणि इंग्रज यांच्यातला सालबाईचा तहही १७८२ चाच. बुद्धीत आपण कमी पडलो नव्हतो. दफ्तर आणि शिस्त यांत पडलो.

कंपनीच्या या विभागाचा मुलखातला हात म्हणजे रेसिडेंट. राजदूत आणि रेसिडेंट यांतला फरक समजून घेतला तर पुढचं सगळं उलगडतं. राजदूत यजमान देशाच्या प्रमुखाला आपली अधिकारपत्रं देतो आणि पाहुण्यासारखा राहतो. यजमानाला नकोसा झाला तर कारण न सांगता त्याला परत पाठवता येतं. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने हे नियम आता लिहूनच ठेवले आहेत. रेसिडेंटही पाहुणा म्हणूनच आला, पण काही वर्षांत यजमानालाच त्याची परवानगी लागू लागली. हैदराबादला हे घडलं जेम्स किर्कपॅट्रिक रेसिडेंट असताना. १ सप्टेंबर १७९८ च्या तहाने निजामाने कंपनीची तैनाती फौज पत्करली. ऑक्टोबर १८०० च्या तहात एक कलम असं आलं की कंपनीला आधी कळवल्याशिवाय आणि तिच्याशी मसलत केल्याशिवाय निजामाने दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत. तोफा, किल्ले, जहागिरी, नाणं सगळं निजामाकडे राहिलं. गेलं ते परराष्ट्र खातं. दोन वर्षांनी, १८०२ च्या अखेरीस वसईला दुसऱ्या बाजीरावानेही तेच दिलं. राज्य जायला त्यानंतर सोळा वर्षं लागली एवढंच.

हिंगोली या कथेत इथे शिरते. युद्धकाळात निजामाने कंपनीला मदतीची फौज द्यावी अशी तहाची अट होती. १८११ ते १८२० या काळातला रेसिडेंट हेन्री रसेल याने शांततेच्या दिवसांतही कायम राहील अशी फौज बांधायला घेतली. शिपाई निजामाचे, अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, पगार निजामाच्या खजिन्यातून. 'रसेल ब्रिगेड' म्हणून सुरू झालेली ही फौज पुढे हैदराबाद कंटिंजंट झाली. बोलारम, औरंगाबाद, एलिचपूर, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, लिंगसुगूर आणि हिंगोली इथे तिच्या छावण्या होत्या. १८१९ च्या सुरुवातीला नौसाजी नाईक या हटकर सरदाराच्या नोवा किल्ल्याला वेढा घातला तो याच फौजेने. नामदेवांच्या नरसीपासून काही कोसांवर, हिंगोलीत, इंग्रज अधिकाऱ्यांचे बंगले उभे राहिले.

दुसऱ्याच्या फौजेचा पगार आपण द्यायचा, हा सौदा कोणत्याही घराला बुडवील. निजामाच्या खजिन्यात पैसे नसले की विल्यम पामर आणि कंपनीसारख्या सावकारी पेढीकडून जबर व्याजाने उचल घ्यायची, तेही थकलं की इंग्रज सरकारकडून. थकबाकी वाढत गेली. शेवटी गव्हर्नर जनरल डलहौसीने वसुलीची भाषा सुरू केली आणि २१ मे १८५३ रोजी तह झाला. कंटिंजंटचा खर्च भागावा म्हणून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. वाटाघाटींत पिचलेला निजामाचा दिवाण सिराजुल्मुल्क तहानंतर थोड्याच दिवसांत वारला. त्याचा पुतण्या, चोविशीतला सालारजंग, दिवाण झाला.

आता आपल्या आजच्या समजुतीला धक्का देणारी गोष्ट. वऱ्हाड हाती आल्यावर इंग्रजांनी त्याचे दोन भाग केले. उत्तर वऱ्हाडचं मुख्य ठाणं बुलढाणा. दक्षिण वऱ्हाडचं मुख्य ठाणं? हिंगोली. म्हणजे काही काळ हिंगोली हे वऱ्हाडच्या निम्म्या कारभाराचं केंद्र होतं. पुढे पैनगंगेच्या दक्षिणेचा मुलूख निजामाला परत मिळाला आणि वऱ्हाडची हद्द नदीवर येऊन थांबली. एका कलमात थोडा फेर पडला असता तर आज हिंगोलीकर विदर्भाचे म्हणवले असते, आणि इथल्या पुढाऱ्यांनी नागपूर कराराचे दाखले दिले असते.

१८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर परत दिले, पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला त्याचं हे बक्षीस. वऱ्हाड मात्र कापसाचं. ते परत मिळावं म्हणून सालारजंगाने हयात वेचली. कंटिंजंटच्या खर्चाइतकी रक्कम अनामत ठेवतो, मुलूख परत द्या, असा प्रस्ताव त्याने मांडला. १८७६ मध्ये तो स्वतः विलायतेला गेला. मेजवान्या झाल्या, मानसन्मान झाले, वऱ्हाड मिळालं नाही. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या हिंदी संस्थानांत याच्या तोडीचा मुत्सद्दी दुसरा झाला नाही. पण ज्याच्या धन्याकडे परराष्ट्राचा अधिकारच नाही, त्याची हुशारी अर्जापुरती उरते. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खानाकडून वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात वऱ्हाडचा कायमचा पट्टा लिहून घेतला. लगेच दुसऱ्या वर्षी कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. जिच्या पगारासाठी मुलूख गेला ती फौज गेली, मुलूख गेलेलाच राहिला.

व्हॉइसरॉयच्या कौन्सिलात तेव्हा वेगवेगळी खाती वेगवेगळ्या सभासदांकडे असत. परराष्ट्र आणि संस्थानांचं खातं मात्र व्हॉइसरॉय स्वतःकडे ठेवी. त्याखालोखाल फॉरेन सेक्रेटरी, आणि त्याच्या हाताखाली मुलूखभर पसरलेले रेसिडेंट आणि एजंट. परदेश आणि संस्थानं एकाच खात्यात होती. काबूल आणि हैदराबाद यांच्या फायली एकाच इमारतीत. सातवा निजाम उस्मान अली खान याने १९२५ मध्ये व्हॉइसरॉय लॉर्ड रीडिंगला पत्र लिहून वऱ्हाडवरचा हक्क पुन्हा सांगितला. त्याचा युक्तिवाद असा की परराष्ट्र व्यवहार सोडले तर आपण अंतर्गत बाबतीत इंग्रजांइतकेच स्वतंत्र आहोत. २७ मार्च १९२६ च्या उत्तरात रीडिंगने त्याला सुनावलं की इंग्रज सत्तेचं श्रेष्ठत्व केवळ तहांवर उभं नाही. ते तहांच्याही वर आहे. अंतर्गत आणि बाह्य अशी भिंतच त्याने पाडून टाकली. दहा वर्षांनी सांत्वन म्हणून निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. मुलुखाचं नाव मिळालं, सत्ता नाही.

१९४७ मध्ये इंग्रज गेले आणि निजामाला वाटलं, दीडशे वर्षांपूर्वी गेलेलं खातं आता परत आलं. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी जैसे थे करार झाला. त्यानुसार संरक्षण, दळणवळण आणि परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या काळात होते तसेच, फक्त आता भारताकडे, राहणार होते. भारताने आपला एजंट जनरल म्हणून कन्हैयालाल मुनशींना पाठवलं. त्यांचा मुक्काम बोलारमला. म्हणजे जुन्या कंटिंजंटच्याच ठाण्यात. इकडे निजामाचे पंतप्रधान लायक अली यांच्या मंत्रिमंडळात अर्थ आणि परराष्ट्र ही दोन्ही खाती मोईन नवाज जंग यांच्याकडे होती. जे खातं करारानुसार अस्तित्वातच असायला नको, त्याचा मंत्री होता, सचिव होता, आणि २१ ऑगस्ट १९४८ रोजी त्या खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रारही दाखल केली.

त्या महिन्यांत पैनगंगेचे काठ कसे होते, हे या भागातल्या जुन्या माणसांच्या घराघरांत सांगितलं जाई. अलीकडे रझाकार, पलीकडे वऱ्हाडात हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांची सरहद्दीवरची शिबिरं. १८५३ च्या तहातून पुढे निघालेली रेषा आता निजामाच्याच विरोधकांना आडोसा देत होती. नदी ओलांडली की निजामाचा अंमल संपत होता, तो डलहौसीच्या कृपेने. इतिहासाचे असे उलटे हिशेब कोणत्याही तहात लिहिलेले नसतात.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या. १६ तारखेला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेसमोर हैदराबादचा विषय आला. भारताची बाजू मांडत होते रामस्वामी मुदलियार. त्यांचा मुद्दा सरळ होता: हैदराबाद हे सार्वभौम राष्ट्र नाही, कधी नव्हतं, म्हणून त्याला या दारात उभं राहण्याचा अधिकारच नाही. १८०० सालच्या कलमाचं ओझं असं पॅरिसपर्यंत पोहोचलं. १७ तारखेला निजाम शरण आला आणि २२ तारखेला त्याने तक्रार मागे घेतल्याची तार केली. त्याच गडबडीत लंडनच्या बँकेतले हैदराबाद सरकारचे सुमारे दहा लाख पौंड मोईन नवाज जंग यांच्या व्यवहारातून पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर गेले. त्या पैशाचा दावा एकाहत्तर वर्षं रेंगाळला. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या हायकोर्टाने निकाल दिला तेव्हा ती रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती, आणि ती भारत आणि निजामाचे वारस यांच्या वाट्याला आली. मराठवाड्याच्या शेतसाऱ्याचा काही अंश त्यात नसेलच असं कोण म्हणेल?

दिल्लीत या खुर्चीचा इतिहास नेहरूंपासून सुरू होतो. सप्टेंबर १९४६ च्या हंगामी सरकारपासून मे १९६४ मधल्या मृत्यूपर्यंत परराष्ट्र खातं त्यांनी कोणाला दिलं नाही. व्हॉइसरॉयची रीत पंतप्रधानांनी उचलली म्हणा ना. त्यानंतर स्वतंत्र मंत्री आले, पण पंतप्रधानांची सावली कधी हटली नाही. यशवंतराव चव्हाणांचं उदाहरण घ्या. संरक्षण, गृह, अर्थ सांभाळून ऑक्टोबर १९७४ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. महाराष्ट्रात तेव्हाही पुष्कळांना ही पदावनती वाटली, आणि ते अगदी चूक नव्हतं. कारण धोरणाची दोरी इंदिरा गांधींच्या हाती होती आणि लवकरच आणीबाणी आली. तरी त्यांच्या अडीच वर्षांत काही महत्त्वाचं घडलं. १९७६ मध्ये चीनशी राजदूतांच्या पातळीवरचे संबंध पुन्हा जुळले, के. आर. नारायणन बीजिंगला गेले, आणि त्याच वर्षी १९७१ च्या युद्धाने तुटलेले पाकिस्तानशी राजनैतिक संबंधही सुरू झाले. देवराष्ट्र्याच्या या माणसाच्या कारकिर्दीतलं हे खातं मराठी चरित्रलेखनात दोन पानांत उरकलं जातं. त्यापेक्षा जास्त पानांचा त्यांचा हक्क आहे.

मंत्र्याखाली असतो परराष्ट्र सचिव, आणि यंत्रणा खरी चालवतो तो. मंत्री निवडणुकीतून येतो आणि जातो. सचिव परराष्ट्र सेवेत तीस-पस्तीस वर्षं घालवून तिथे पोहोचलेला असतो. जगभरच्या वकिलातींच्या तारा शेवटी त्याच्यापाशी येतात. १९७९ ते ८२ या काळात राम साठे आणि २०१८ ते २०२० मध्ये विजय गोखले या मराठी माणसांनी हे पद सांभाळलं. २६ फेब्रुवारी २०१९ च्या सकाळी बालाकोटच्या कारवाईची बातमी देशाला अधिकृतपणे सांगितली ती गोखल्यांनी. लष्कराची कारवाई आणि सांगायला परराष्ट्र सचिव, कारण ते निवेदन जितकं आपल्यासाठी होतं तितकंच जगातल्या राजधान्यांसाठी होतं.

आणि पी. व्ही. नरसिंह राव. निजामाच्या राज्यात जन्मलेला, वंदे मातरम् म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठातून निघावं लागलेला, नागपूरला कायदा शिकलेला, हरिभाऊ आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेणारा हा माणूस. १९४७-४८ मध्ये ते चांद्याच्या सरहद्द शिबिरात निजामाविरुद्ध काम करत होते. ज्या संस्थानाने स्वतःचा परराष्ट्रमंत्री नेमून पॅरिस गाठलं, त्याच संस्थानाचा हा बंडखोर प्रजाजन १९८० मध्ये भारताचा परराष्ट्रमंत्री झाला, आणि १९८४ पासून तर महाराष्ट्रातल्या रामटेकचा खासदारही. पंतप्रधान झाल्यावर काही काळ त्यांनीही परराष्ट्र खातं स्वतःकडेच ठेवलं. नेहरूंपासूनची खोड.

हिंगोलीपुरतं बोलायचं तर १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि पैनगंगेवरची राज्याची सीमा मिटली. विभागाची रेषा उरली. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला.

परराष्ट्राच्या टेबलावर मात्र या जिल्ह्याचं नाव पुन्हा आलं, या वेळी निराळ्या कारणाने. १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर आपल्या अणुऊर्जा विभागाच्या अनेक संस्था अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत होत्या. तो कोंडमारा फोडायला वर्षानुवर्षं बोलणी झाली, आणि १० ऑक्टोबर २००८ रोजी वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी आणि अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइस यांनी नागरी अणुकरारावर सह्या केल्या. अविश्वास ओसरला म्हणूनच ३१ मार्च २०१६ रोजी त्याच शहरात भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान यांच्यात लायगो-इंडियाचा सामंजस्य करार होऊ शकला. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या वेधशाळेसाठी महत्त्वाची यंत्रसामग्री अमेरिका देणार, जागा आणि बांधणी भारताची. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेली ही वेधशाळा औंढा नागनाथजवळ दुधाळा इथे, हिंगोली जिल्ह्यात होते आहे.